ड्रायर घ्यायच्या आधी भिंतीतला पॉइंट बघा: वायर, प्लग आणि अर्थिंगचं सगळं सविस्तर

पावसाळ्यात ड्राय बाल्कनीतल्या दांडीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, जीन्सला कुबट वास मारतो, शेवटी हॉलमध्ये फॅनखाली खुर्च्यांवर टॉवेल पसरायची वेळ येते आणि मग माणूस ड्रायर बघायला शोरूमला जातो. तिथे किती किलोचा, स्टीलचा ड्रम आहे का, वॉशिंग मशीनवर स्टॅक होईल का, ईएमआय कसा, सगळं विचारून होतं. लावणार कुठे हे मात्र ना आपण विचारतो ना सेल्समन. मग डिलिव्हरीनंतर इन्स्टॉलेशनला आलेला पोरगा पॉइंट बघून म्हणतो, सर इथं सोळा अँपिअरचा पॉइंट नाहीये, करून घ्या आणि परत कॉल टाका. त्यापुढची पायरी म्हणजे घाईघाईत कोणाला तरी बोलावून शेजारच्या पॉइंटवरून वायर ओढून घेणं, आणि सगळा घोळ इथेच होतो.

ड्रायर म्हणजे शेवटी काय, तर पत्र्याच्या डब्यातला हीटर आणि मोटर, तेही ओल्या जागेत, आणि गीझरसारखं पंधरा मिनिटात बंद न होता सलग दीड-दोन तास चालणारं. त्यामुळे दोनच गोष्टी पक्क्या हव्यात. त्याची लाइन स्वतःची हवी आणि त्याच्या पत्र्याला खरंखुरं अर्थिंग हवं. बाकी सगळं या दोन गोष्टींसाठीच आहे.

आधी मशीनची प्लेट वाचा

मशीनच्या मागे किंवा दाराच्या आतल्या कडेला एक स्टिकर असतो, त्यावर व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅट लिहिलेले असतात. आपल्याकडे २३०, ५० आणि वॅटचा आकडा. व्हेंटेड म्हणजे पाइपातून गरम दमट हवा बाहेर टाकणारा, आणि कंडेन्सर म्हणजे वाफेचं पाणी करून टाकीत जमवणारा, हे दोन्ही साधारण २००० ते २७०० वॅटचे असतात. हीट पंपवाला महाग असतो पण तो हजार वॅटच्या आसपास किंवा त्याच्याही खाली चालतो. वॅटला २३० ने भागा की अँपिअर मिळाले. २५०० वॅट म्हणजे जवळपास ११ अँपिअर, हीट पंप म्हणजे चार-साडेचार.

आठ किलोच्या पूर्ण भरलेल्या लोडला कंडेन्सर साधारण साडेचार-पाच युनिट खातो आणि हीट पंप दोनच्या आसपास, म्हणजे चार महिने रोज लावणार असाल तर किमतीतला फरक बिलातून बऱ्यापैकी वसूल होतो. जुन्या वायरिंगच्या घरात तर मी सरळ हीट पंपच घ्या म्हणेन, वायरवर ताणच कमी येतो. पण म्हणून तो सहा अँपिअरच्या पॉइंटला लावायचा असं नाही, कंपनीने सोळाचा प्लग दिलाय तर पॉइंट सोळाचाच पाहिजे.

आत्ताचा पॉइंट नक्की कोणाच्या लाइनवर आहे?

पुण्यात बाणेर, बालेवाडी, खराडीकडच्या नव्या फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनीत सोळाचा पॉइंट बहुतेक ठिकाणी असतो, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. पण सॉकेट सोळाचं आहे म्हणून मागची लाइन एकट्या त्याचीच आहे असं अजिबात नाही. बरेचदा बिल्डर किचनच्या लाइनवरूनच लूप मारून तो पॉइंट काढतो, म्हणजे त्याच वायरवर फ्रिज, मायक्रोवेव्ह, वॉटर प्युरिफायर आणि वॉशिंग मशीन.

हे तपासायला इलेक्ट्रिशियन लागत नाही. ड्राय बाल्कनीच्या पॉइंटला मोबाइलचा चार्जर लावा, डीबी (घरातल्या सगळ्या लाइनी जिथून निघतात ती पेटी) उघडा, एकेक एमसीबी (त्यातला लाइन तोडणारा छोटा स्विच) खाली पाडा आणि चार्जर कशाने बंद होतो ते बघा. तो एमसीबी खालीच ठेवून घरभर फिरा आणि अजून काय काय बंद पडलंय ते कागदावर लिहा. एमसीबीवर सी१६ किंवा सी२० असं काहीतरी छापलेलं असतं तेही लिहून ठेवा, वायरमनला फोनवर एवढं सांगितलं तरी तो निम्मं काम ओळखतो.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनमध्ये पण पाणी तापवायचा हीटर असतो, साधारण २००० वॅटचा. म्हणजे खाली मशीन गरम पाण्यावर आणि वर ड्रायर असे दोन्ही एकदम चालू झाले तर २० अँपिअर सहज ओढतात. एकाच सोळाच्या पॉइंटवरून दोन्ही चालवायचे नाहीत, स्टॅक केले असतील तरी दोघांचे पॉइंट वेगळे आणि लाइनीही वेगळ्या. वॉशर-ड्रायर कॉम्बो असेल, म्हणजे एकाच मशीनमध्ये दोन्ही, तर एकच प्लग असतो आणि तो प्रश्न येत नाही.

अर्थिंग, इथे वेळ घालवा

सगळ्यांकडे टेस्टर असतो आणि टेस्टर पेटला की आपल्याला वाटतं सगळं व्यवस्थित आहे. टेस्टर फक्त फेज आहे एवढंच सांगतो. अर्थिंगच्या भोकात टेस्टर पेटत नाही याचे दोन अर्थ होतात, एक म्हणजे अर्थिंग उत्तम आहे आणि दुसरा म्हणजे तिथे वायरच नाहीये. दोन्हीत टेस्टर सारखाच दिसतो.

त्यामुळे मल्टिमीटर पाहिजे. ज्याला मीटर हाताळायची सवय नाही त्याने हे वायरमनकडून समोर उभं राहून करून घ्यावं. सॉकेटकडे तोंड केलं की वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज ते अर्थ पण जवळपास तेवढंच आलं पाहिजे, इथे ९०, १२० असं काहीतरी तरंगतं रीडिंग आलं तर अर्थ वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा नाहीच. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट, फार तर तीन.

आता गंमत बघा. न्यूट्रल ते अर्थ अगदी ठार शून्य येत असेल तर खूश होऊ नका. घरातला गीझर चालू करा आणि परत बघा. लोड आल्यावर न्यूट्रलवर थोडे व्होल्ट चढतात, ते साहजिक आहे. लोड येऊनही आकडा शून्यावरून हललाच नाही तर जवळपास कुठेतरी, बरेचदा त्याच सॉकेटच्या मागे, कोणीतरी अर्थच्या स्क्रूला न्यूट्रलची वायर जोडून ठेवलेली असण्याची दाट शक्यता आहे. पेठांमधल्या जुन्या घरांत आणि जुन्या सोसायट्यांमध्ये हा प्रकार सापडतो. अर्थ वायर आलेलीच नसते, मशीन तर चालू करून द्यायचंय, मग छोटासा तुकडा मारला न्यूट्रलवरून अर्थला. विचारलं तर उत्तर ठरलेलं, साहेब सगळीकडे असंच असतं, काय होत नाय.

होतं काय ते सांगतो. न्यूट्रल जोवर शाबूत आहे तोवर खरंच काही होत नाही. पण मीटरकडे किंवा डीबीत न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन वायर सुटली, की ड्रायरमधून गेलेल्या करंटला परत जायला वाट राहत नाही, आणि तुकडा मारून न्यूट्रल मशीनच्या पत्र्याला जोडलेलाच आहे, त्यामुळे अख्खा पत्रा फेजवर येतो. मशीन बंद पडलेलं दिसतं, आणि बघू काय झालं म्हणून माणूस ओल्या फरशीवर उघड्या पायांनी जाऊन त्यालाच हात लावतो.

खरी अर्थ वायर नसेल तर ती डीबीपासून पॉइंटपर्यंत नवीन ओढावी लागते, आणि डीबीतली अर्थ खाली मीटर रूमपर्यंत आणि तिथून पिटपर्यंत (जमिनीत अर्थिंगसाठी केलेला खड्डा) गेलीय का ते बघावं लागतं. कधी फ्लॅटमधलं सगळं चोख असतं आणि मीटर रूममध्ये अर्थची पट्टी गंजून तुटलेली असते, ते काम सोसायटीचं, चेअरमनच्या मागे लागायचं आणि अर्थ टेस्टरने पिटचं रीडिंग घ्यायला लावायचं.

अमेरिकेतल्या पोरांनी हे वाचा

आपल्यातल्या निम्म्या घरांतलं कोणीतरी तिकडे आहे आणि तिकडे ड्रायर घरोघरी, त्यामुळे हा प्रश्न व्हिडिओ कॉलवर हमखास येतो, की नवीन ड्रायर आणला पण त्याला वायरच नाहीये. बरोबर आहे, तिकडे इलेक्ट्रिक ड्रायरबरोबर वायर देत नाहीत, ती वेगळी विकत घ्यायची असते. कारण भिंतीतली सॉकेट दोन प्रकारची सापडतात. जुन्या घरात तीन पिनांचं, नेमा १०-३०, आणि नव्या घरात चार पिनांचं, नेमा १४-३०. दोन्ही ३० अँपिअरची, मागे ३० चा डबल पोल ब्रेकर (दोन्ही फेज एकदम तोडणारा एमसीबी) आणि १० गेजची तांब्याची वायर.

तीन पिनांच्यात दोन फेज आणि एक न्यूट्रल आहे, अर्थिंग नाही. मग पत्र्याचं काय? तर ड्रायरच्या आत एक पट्टी असते जी न्यूट्रलला पत्र्याशी जोडते. म्हणजे आपल्या वायरमनचा तो तुकडाच, फक्त फॅक्टरीत बसवलेला! तिकडच्या कोडमध्ये ही सवलत अनेक वर्षं होती, १९९६ च्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडपासून नव्या लाइनला चार वायर सक्तीच्या केल्या, आधीच्या घरांतली जुनी सॉकेट तशीच चालू द्यायला परवानगी आहे.

करायचं असं, की आधी सॉकेट बघायचं आणि त्याप्रमाणे वायर आणायची. जुना ड्रायर नव्या घरात नेला आणि प्लग बसत नाही, तर वायर बदलायची, मधे अ‍ॅडाप्टर घालायचा नाही. ब्रेकर पाडा, मशीन प्लगमधून काढलेलं असू दे, मागचं छोटं झाकण उघडा. आत तीन स्क्रूचा टर्मिनल ब्लॉक दिसेल, मधला न्यूट्रलचा, कडेचे दोन फेजचे. चार वायरींच्या कॉर्डमध्ये पांढरी मधे, काळी आणि लाल कडेला, ती दोघं अदलाबदल झाली तरी चालतात, आणि हिरवी पत्र्यावरच्या ग्राउंड म्हणजे अर्थच्या स्क्रूला. यात एकच गोष्ट विसरतात, ती म्हणजे न्यूट्रल आणि पत्र्याला जोडणारी पट्टी किंवा वायर काढून टाकायची, कुठे ठेवायची ते मॅन्युअलमध्ये असतं. तीन वायरींची चपटी कॉर्ड असेल तर मधली वायर मधल्या स्क्रूला, कडेच्या दोन कडेला आणि ती पट्टी जागेवरच ठेवायची. वायर आत शिरते तिथे क्लॅम्प बसवायचाच, नाहीतर पत्र्याची धार रोजच्या थरथरीने इन्सुलेशन कापते.

शेगडीसाठीचं ५० अँपिअरचं सॉकेट दिसायला १४-३० सारखंच असतं, फरक न्यूट्रलच्या पिनेत. ३० च्यात ती एल आकाराची आणि ५० च्यात सरळ. ड्रायर तिथे लावायचा नाही. आणि भाड्याच्या घरात भिंतीतल्या सॉकेटला हात लावायचा नाही, ते घरमालकाचं काम.

परत येताना कंटेनरमध्ये ड्रायर घालून आणायचा विचार असेल तर सोडून द्या. तिकडच्या बहुतेक ड्रायरचा हीटर २४० वर चालतो पण मोटर आणि बटणांचं सर्किट १२० वर, एका फेज आणि न्यूट्रलच्या मधे, आणि तेही ६० हर्ट्झला. आपल्याकडे ते १२० मिळत नाहीत, ट्रान्सफॉर्मर लावून मिळवले तरी ५० हर्ट्झला मोटर हळू फिरणार आणि तापणार. तिकडेच विकून या.

नवीन लाइन ओढताना

परवानाधारक वायरमन घ्या, हे घरच्या घरी करायचं काम नाही, पण त्याला काय सांगायचं ते आपल्याला माहीत पाहिजे. डीबीपासून थेट पॉइंटपर्यंत तीन वायर, मधे कुठेही लूप नाही, जोड नाही. तांब्याची, आयएसआय मार्कची. अडीच स्क्वेअर एमएम तशी पुरते, पण मी चारचीच घालायला सांगतो, कारण डीबी दाराशी आणि ड्राय बाल्कनी दुसऱ्या टोकाला असते, लोड सलग दोन तासांचा असतो आणि फरकाचे पैसे फारसे नसतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रिकच्या बाजारात, बंडल न घेता मीटरवरही वायर मिळते. जुन्या बिल्डिंगमध्ये भिंतीत अ‍ॅल्युमिनियमची वायर निघाली तर तिला नवीन तांब्याची वायर पिळून जोडायची नाही, तो जोड ढिला होत जातो आणि तापतो, सरळ बाहेरून केसिंग पट्टी मारून नवीन लाइन न्या. पट्टी दिसायला वाईट दिसते म्हणून घरात वाद होतील, होऊ द्या.

एमसीबी सी कर्व्हचा (मोटर चालू होतानाच्या क्षणभराच्या झटक्याने न पडणारा), अडीचच्या वायरला १६ आणि चारला २०. एमसीबी वायरला वाचवायला असतो, मशीनला नाही, म्हणून तो वायरच्या जाडीप्रमाणे ठरतो. ट्रिप होतोय म्हणून ३२ चा टाकून देतो म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. गळतीचा करंट दिसला की तो क्षणात लाइन तोडतो, माणूस वाचतो तो यामुळे. हीट पंप किंवा इन्व्हर्टर मोटरवाला ड्रायर असेल तर टाइप ए (अशा मशीनच्या इलेक्ट्रॉनिक्समधली गळतीही ओळखणारा) मागा, दुकानदार सवयीने टाइप एसी देतो. आरसीसीबी ओव्हरलोडला काही करत नाही, त्यामुळे एमसीबी वेगळा लागतोच, किंवा दोन्ही एकात असलेला आरसीबीओ घ्या. इथे एक चूक फार होते. फेज नव्या आरसीसीबीतून घेतात आणि न्यूट्रल मात्र डीबीतल्या जुन्या कॉमन पट्टीवरून. मग ड्रायर चालू केला की लगेच ट्रिप. वायरमन म्हणतो मशीनमध्ये लीकेज आहे, कंपनीवाला म्हणतो वायरिंग खराब आहे आणि आपण मधे. ज्या आरसीसीबीतून फेज आला त्याच्याच खालून न्यूट्रल आला पाहिजे, एवढं बघा. आणि त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, खटकन पडला पाहिजे.

ही लाइन घरच्या इन्व्हर्टरवर येता कामा नये, हेही आधीच सांगा. आणि वीजबिलावर मंजूर भार किती छापलाय ते बघून घ्या. एक एसी, गीझर, इंडक्शन आणि कंडेन्सर ड्रायर एकदम चालू म्हणजे आठ किलोवॅटच्या आसपास, ३५ अँपिअर, मेन ३२ चा असेल तर पडणार. भार वाढवायचा तर महावितरणकडे अर्ज करावा लागतो. नाहीतर साधं वेळापत्रक पाळा, आंघोळी उरकल्यावर ड्रायर.

सॉकेट आणि प्लग

सॉकेट नळाच्या वर नको, मशीनच्या बरोबर मागेही नको, कारण मग हात पोचत नाही. बाजूला, छातीच्या उंचीला, स्विचसकट. पावसाची झड आत येत असेल तर झाकणाची वॉटरप्रूफ पेटी, वायर खालून आत शिरणारी.

सहा अँपिअरच्या प्लगच्या पिना साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या, सोळाच्या ७ च्या. सोळाचा प्लग सहात बसत नाही हे मुद्दाम केलेलं आहे, आणि त्यावर उपाय म्हणून दुकानात शंभर-दीडशेला कन्व्हर्टर पिन मिळते ती घेऊ नका. स्पाइक बस्टर नको, एक्स्टेन्शन नको. मशीनची वायर साधारण दीड मीटर असते, पुरत नसेल तर पॉइंट सरकवा. मोल्डेड प्लग कापून दुसरा थ्री पिन बसवला की वॉरंटीचा वाद सुरू होतो, तेव्हा तोही तसाच राहू द्या.

बाहेरून आणलेल्या युरोपियन मशीनला दोन गोल पिनांचा जाड प्लग असतो, त्याचं अर्थिंग प्लगच्या कडेच्या पट्ट्यांमधून होतं. तो आपल्याकडच्या युनिव्हर्सल सॉकेटमध्ये मस्त बसतो, मशीन चालतंही, पण अर्थिंग कुठेच जोडलं जात नाही. त्याला अर्थ जोडणारा योग्य प्लगच लागतो, तो सर्व्हिसवाल्याकडून बदलून घ्या.

सगळ्यात जास्त त्रास देतं ते ढिलं सॉकेट. प्लग घालताना घट्ट जायला पाहिजे, लोंबकळता कामा नये. ११ अँपिअर करंट आणि ढिल्या जोडात नुसता ०.२ ओहमचा विरोध, एवढ्यात २४ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे सॉकेटच्या आत सोल्डरिंग आयर्न दीड तास चालू ठेवल्यासारखंच. आमच्या बिल्डिंगमध्ये एकांच्या पॉइंटला उजव्या भोकाभोवती आधी चहासारखा पिवळट डाग आला, मग मासळी जळल्यासारखा वास, आणि ते आठवडाभर किचनमध्ये वास शोधत होते. उघडून बघितलं तर वायर जाड आणि चांगली होती, फक्त फेजचा स्क्रू अर्धाच आवळलेला.

पहिल्यांदा चालू करताना

हीट पंपवाला ड्रायर आडवा करून आणला असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेले तास उभा ठेवून मगच लावा, आतलं कॉम्प्रेसरचं तेल खाली बसावं लागतं. वायरचं वेटोळं करून मशीनमागे कोंबू नका, ती मोकळी सोडा. पहिला लोड घरात असतानाच लावायचा, रात्री लावून झोपायचं नाही.

अर्ध्या तासाने स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिनांना नाही तर प्लगच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर त्या दिवशी परत चालू करू नका, वायरमनला बोलावून सॉकेटचे तिन्ही स्क्रू आवळून घ्या, आणि नव्या सॉकेटला पण हे करावं लागतं, नवं आहे म्हणून घट्ट असतंच असं नाही. डीबीत एमसीबीच्या कडेलाही हात लावा, तिथलाही स्क्रू ढिला राहतो. पहिल्या महिन्यानंतर आणि पुढे दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, हे स्क्रू एकदा बघून घ्यायचे, मेन बंद करून.